एका नावाचे दोघे, एकाची दोन नावे
(अभ्यासलेख : निरनिराळ्या ठिकाणची माहिती संगणकात एकत्र करताना तक्त्यांना व खान्यांना नावे कशी द्यावीत)



या अंकाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही जरा कोरडा वाटणारा विषय घेतला आहे. दोन-तीन ठिकाणी साठवलेली माहिती संगणकात एकत्र करायची असेल, तर तक्त्यांना आणि त्यांतील खान्यांना नावे देण्याचा नियम कसा ठरवावा, हा तो विषय. संगणक शिकणाऱ्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेलच. पण पालकांनी आणि विश्वस्तांनीही तो वाचावा अशी विनंती आहे, कारण याच गोष्टीत चूक झाल्यामुळे आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडकली होती. चूक तिची नव्हती, तिच्या वडिलांचीही नव्हती. चूक आमच्या कार्यालयाची होती, आणि ती नुसती नावाची चूक होती.

काय घडले

पूर्वी शाळेने सरकारला एकूण आकडे कळवले की काम भागत असे : इतकी मुले, इतक्या मुली, इतके वर्ग. २०२२-२३ या वर्षापासून यू-डायस प्लस या राष्ट्रीय प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद करावी लागते. आपल्या शाळेची माहिती तेव्हा तीन फाइलींत होती. प्राथमिक विभागाची फाइल मराठीत टंकलेली, माध्यमिक विभागाची गुजरातीत, आणि शिष्यवृत्तीची व बँक खात्यांची इंग्रजीत. सुरतेतल्या मराठी शाळेत हे असे होणे स्वाभाविकच आहे. आम्ही ठरवले की माहिती जोडणाऱ्या एका संगणक-प्रणालीने तिन्ही फाइली एकत्र करायच्या.

आता गंमत पाहा. दोन्ही विभागांचे जनरल रजिस्टर वेगवेगळे आहे आणि दोन्हींचे क्रमांक एकपासून सुरू झालेले आहेत. म्हणजे एकच क्रमांक प्राथमिक विभागात चौथीतल्या एका मुलाचा, तर माध्यमिक विभागात नववीतल्या एका मुलीचा. दोन्ही फाइलींत खान्याचे नाव मात्र एकच होते : ‘जी. आर. नंबर’. प्रणालीने खान्याचे नाव सारखे पाहिले, क्रमांक सारखा पाहिला, आणि दोघांना एकच विद्यार्थी समजून एका ओळीत बसवले. मुलीच्या ओळीत बँक खात्याचा खाना रिकामा होता, तो मुलाच्या खात्याने भरून टाकला. नंतर तिसरी फाइल जोडली, तेव्हा तो खाना आधीच भरलेला असल्याने मुलीचे खरे खाते बाहेरच राहिले.

शिष्यवृत्तीचे पैसे परत गेले, कारण नाव आणि खाते जुळेना. तिचे वडील लूमवर रात्रपाळी करून सकाळी थेट बँकेत जाऊन रांगेत उभे राहत. बँकेने सांगितले, शाळेत विचारा. शाळेने, म्हणजे आम्हीच, सांगितले, बँकेत विचारा. तीन फेऱ्या अशा झाल्या. चौथ्या वेळी त्यांनी पासबुक आमच्या पडद्याशेजारी धरले आणि खाते क्रमांकाचा एकेक अंक बोट ठेवून मोठ्याने वाचला. तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही त्यांची माफी मागितली आणि त्याच दिवशी सगळी यादी तपासायला घेतली. त्यातून आणखी काही जोड्या निघाल्या. शिवाय एक गोष्ट लक्षात आली, ती मनाला अधिक लागली. चौथीतला तो मुलगा यादीतून नाहीसाच झाला होता, आणि कोणाच्या ध्यानातही आले नव्हते, कारण त्याच्या घरून तक्रार घेऊन कोणी आले नव्हते.

दुसरा घोटाळा याच्या उलट होता. जन्माची तारीख मराठी फाइलीत ‘जन्मतारीख’ होती, गुजराती फाइलीत गुजराती लिपीत ‘जन्म तारीख’ अशी तोडून लिहिलेली, इंग्रजीत ‘डी. ओ. बी.’. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. त्यामुळे आम्ही केलेल्या एका छोट्या यादीत ‘जन्मतिथि’ असे सवयीने लिहिले गेले होते. माणसाला कळते की हे चारही एकच. प्रणालीने चार वेगळे खाने केले, आणि चारही अर्धवट भरलेले.

म्हणून या पाठाचे सार एका ओळीत सांगता येते. माहिती जोडताना दोनच रोग होतात : दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव, किंवा एकाच गोष्टीला दोन नावे. नावांचा नियम हा या दोन्ही रोगांवरचा उपाय आहे, आणि तो माहिती जोडण्याच्या आधी ठरवावा लागतो.

गाडीच्या पाटीचा धडा

नियम म्हणजे काय, हे समजायला लांब जायला नको. लग्नसराईत किंवा दिवाळीत आपल्या लिंबायत, डिंडोली, उधना भागातल्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचा. जीजे-०५ म्हणजे सुरतची गाडी. एमएच-१८ धुळ्याची, एमएच-१९ जळगावची, एमएच-३९ नंदुरबारची. शेवटचे चार आकडे चारही गाड्यांवर सारखे असू शकतात, तरी कोणाची गाडी कोणाच्या नावावर जात नाही. कारण आकड्यांच्या आधी ती कुठली आहे हे ठरलेल्या जागी, ठरलेल्या अक्षरांत लिहिलेले असते. नावाच्या आधी जोडलेल्या अशा भागाला उपसर्ग म्हणावे.

शाळांचेही तसेच. यू-डायसचा शाळेचा कोड ११ अंकी असतो. पहिले २ अंक राज्याचे, पुढचे २ जिल्ह्याचे, त्यापुढचे २ तालुक्याचे किंवा गटाचे, मग ३ गावाचे किंवा प्रभागाचे, आणि शेवटचे २ शाळेचे. गुजरातचा कोड २४ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. कोड पाहताच शाळा कुठली ते कळते.

आमच्या दोन रजिस्टरांना असा उपसर्ग असता, ‘प्रा_जीआर_क्र’ आणि ‘मा_जीआर_क्र’, तर खान्यांची नावे जुळलीच नसती आणि प्रणालीने थांबून आम्हाला विचारले असते. (संगणकात ही नावे आम्ही रोमन अक्षरांत ठेवली आहेत, छपाईच्या सोयीसाठी येथे देवनागरीत देत आहोत.)

तक्ता, खाना आणि नाव

आज बहुतेक डेटाबेस ज्या पद्धतीवर चालतात ती ई. एफ. कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली आय. बी. एम. कंपनीत काम करताना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची; तक्त्याला नाव, प्रत्येक उभ्या खान्याला नाव, आणि प्रत्येक आडव्या ओळीत एका गोष्टीची नोंद. माहिती मागताना ती कपाटात कुठे आहे हे सांगायचे नाही, फक्त तक्त्याचे आणि खान्याचे नाव सांगायचे. ही सोय मोठी आहे. पण यामुळे सगळा भार नावावर येतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे झाले की संगणक सोनूबाईलाच सोने समजून पुढे जातो. ‘पूर्ण_नाव’ असे नाव दिलेल्या खान्यात नुसतेच ‘संगीता’ भरलेले असले, तरी त्याला शंका येत नाही.

प्रणालीत नियम कसा बसवतात

माहिती जोडणाऱ्या चांगल्या प्रणालींत नावांचा नियम एकदा नोंदवून ठेवण्याची सोय असते. मग प्रणाली स्वतः जे तक्ते बनवते, त्यांना त्या नियमाप्रमाणे नावे देते. उदाहरण म्हणून ओरॅकल डेटा इंटिग्रेटर ही प्रणाली घेऊ. ती मूळची सनॉप्सिस नावाच्या फ्रेंच कंपनीची. २००६ साली ओरॅकलने ती कंपनी घेतली. माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ही प्रणाली मध्ये काही कामचलाऊ तक्ते बनवते आणि त्यांना ठरलेले उपसर्ग लावते. बाहेरून आणलेली कच्ची माहिती ज्यात उतरते, त्या तक्त्याच्या नावाआधी ‘सी$_’. जोडणी चालू असताना वापरायच्या तक्त्याआधी ‘आय$_’. तपासणीत नापास झालेल्या ओळी जिथे बाजूला काढतात त्या तक्त्याआधी ‘ई$_’. हे उपसर्ग सुरुवातीला दिलेले असतात. आपल्या गरजेप्रमाणे ते बदलताही येतात. कामाचे तक्ते वेगळ्या दालनात आणि पक्की माहिती वेगळ्या दालनात ठेवावी, असाही तिथे प्रघात आहे.

कापडाच्या धंद्यातल्या पालकांना हे नवे वाटू नये. मिलमध्ये रंगाईला आलेला ग्रे ताका, रंगाई चालू असलेला ताका, डाग पडल्यामुळे बाजूला काढलेला ताका आणि तयार माल कोणी एका ढिगात टाकत नाही. प्रत्येकावर लॉट नंबर असतो आणि जागा ठरलेली असते. संगणकातले उपसर्ग हेच काम करतात. आमच्याकडे ‘ई$_’ सारखा एक तक्ता असता, तर एकाच क्रमांकाच्या पण वेगळ्या जन्मतारखांच्या जोड्या त्यात पडल्या असत्या, आणि त्या वडिलांना चार फेऱ्या माराव्या लागल्या नसत्या.

नियम ठरवताना डेटाबेसच्या मर्यादा पाहाव्या लागतात. त्यांतील चार मुख्य मर्यादा विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्याव्यात.

पहिली, लांबी. ओरॅकलमध्ये पूर्वी नाव ३० बाइटांपेक्षा लांब चालत नसे, १२.२ या आवृत्तीपासून १२८ बाइट चालतात. मायएसक्यूएलमध्ये मर्यादा ६४ अक्षरांची, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये साधारणपणे ६३ बाइटांची आहे. पोस्टग्रेएसक्यूएल जास्तीचा भाग कापून टाकते. उपसर्गही या लांबीतच मोजला जातो.

येथे देवनागरीची एक खास अडचण येते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘विद्यार्थी’ या शब्दात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. समजा आपण दोन खान्यांना नावे दिली : ‘माध्यमिक_विद्यार्थी_जन्मतारीख’ आणि ‘माध्यमिक_विद्यार्थी_जन्मस्थळ’. ‘माध्यमिक’ला २४ बाइट, ‘विद्यार्थी’ला ३०, दोन जोडरेघांना २, एकूण ५६. उरले ७. त्यांत फक्त ‘ज’ आणि ‘न’ मावतात. म्हणजे दोन्ही नावे कापली जाऊन ‘माध्यमिक_विद्यार्थी_जन’ एवढीच राहतात. तारीख आणि स्थळ यांचे नाव एकच झाले! डेटाबेस दुसरा खाना घ्यायला नकार देतो, आणि नवशिक्याला कारण समजत नाही.

दुसरी, लहान-मोठी रोमन अक्षरे. अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेले नाव ओरॅकल मोठ्या अक्षरांत धरते, पोस्टग्रेएसक्यूएल लहान अक्षरांत. मायएसक्यूएलमध्ये तर तक्त्याचे नाव विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरेच ठरू शकते. म्हणून सगळी नावे नेहमी लहान अक्षरांत लिहावीत.

तिसरी, राखीव शब्द. ऑर्डर, ग्रुप, टेबल, सिलेक्ट हे शब्द डेटाबेसच्या भाषेचे स्वतःचे आहेत. ते खान्याला नाव म्हणून देऊ नयेत.

चौथी, मोकळी जागा आणि विरामचिन्हे. ‘जी. आर. नंबर’ या नावात टिंबे आणि रिकाम्या जागा दोन्ही आहेत. टिंबाचा डेटाबेसमध्ये वेगळा अर्थ होतो. शब्द जोडायला खालची जोडरेघ वापरावी.

याशिवाय एकक. आरोग्य तपासणीच्या तक्त्यात ‘उंची’ असा खाना असला, तर एक शिक्षक इंच लिहील, दुसरा सेंटिमीटर. ‘उंची_सेंमी’ असे नाव दिले की प्रश्न मिटतो. ही बारीकसारीक गोष्ट समजू नये. अमेरिकेच्या नासा संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले, कारण एका संगणक-कार्यक्रमाने बलाचे आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात समजले.

‘मधले नाव’ म्हणजे कोणाचे नाव?

आता सुरतच्या मराठी घरांना रोज भेडसावणारी गोष्ट. आपण बोलताना संगीता भगवान पाटील म्हणतो. गुजरातच्या कागदांवर आडनाव आधी येते : पाटील संगीता भगवान, आणि कित्येकदा पाटील संगीताबेन भगवानभाई. महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रकावरही आडनाव आधी असते आणि आईचे नाव वेगळे छापलेले असते. त्यात महाराष्ट्र सरकारने नवा नियम केला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव सरकारी कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. निर्णय चांगलाच आहे. आईचे नाव मुलाच्या नावात येणे हा तिचा मान आहे.

परंतु आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. माहेर धुळे-नंदुरबार-जळगावकडे असले तर जन्मदाखला महाराष्ट्राचा मिळतो, आणि मूल शिकते सुरतेत. २०२४ च्या उन्हाळ्यात जन्मलेली ही मुले २०३० च्या जूनपासून आपल्या पहिलीच्या वर्गात येऊ लागतील. तेव्हा एका तक्त्यात ‘मधले_नाव’ असा खाना असेल, तर त्यात आईचे नाव लिहायचे की वडिलांचे? एक लिपिक एक लिहील, दुसरा दुसरे. पुढे नऊ वर्षांनी दहावीच्या अर्जावर तो घोटाळा निघेल आणि पालक प्रतिज्ञापत्रे करत फिरतील.

उपाय आजच करता येतो. ‘मधले_नाव’ हा खाना आम्ही काढून टाकला आहे. ‘विद्यार्थी_नाव’, ‘आई_नाव’, ‘वडील_नाव’, ‘आडनाव’ असे चार वेगळे खाने ठेवले आहेत. चारही वेगळे असले की कोणत्याही कार्यालयाला हवा तो क्रम छापून देता येतो. आणि जन्मदाखल्यावर जसे आहे तसेच पूर्ण नाव ‘दाखला_पूर्ण_नाव’ या पाचव्या खान्यात जशाच्या तसे.

हे सांगण्यामागे आमचा एक आग्रह आहे. नियम खान्यांच्या नावांना लावायचा, मुलांच्या नावांना नाही. संगणकात बसत नाही म्हणून मुलीच्या नावाला शेपूट लावणे, आडनाव तोडणे किंवा आईचे नाव गाळणे, हे शाळेचे काम नव्हे. खाने बदलणे आपल्या हातात आहे. मुलाचे नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेले आहे.

आपल्या शाळेचे नियम

कार्यालयातील संगणकाशेजारी आम्ही पुढील नियम लावले आहेत.

१. प्रत्येक तक्त्याच्या नावाआधी विभागाचा उपसर्ग : प्राथमिक ‘प्रा_’, माध्यमिक ‘मा_’, शिष्यवृत्ती ‘शि_’.
२. एका गोष्टीला एकच नाव. जन्माची तारीख सर्वत्र ‘जन्मतारीख’. जुनी नावे एका कोशात लिहून ठेवलेली आहेत. कोणते नाव कशाऐवजी आले ते तिथे पाहावे.
३. दोन तक्ते जोडताना नुसता जी. आर. क्रमांक पुरेसा नाही. उपसर्गासह क्रमांक आणि जन्मतारीख दोन्ही जुळली पाहिजेत.
४. न जुळलेल्या ओळी कोणीही पुसू नयेत. त्या ‘तपास_’ उपसर्गाच्या तक्त्यात जातील आणि आम्ही स्वतः पाहू.
५. जोडणीआधी किती ओळी होत्या आणि नंतर किती उरल्या, हे मोजून वहीत सही करावी.
६. नाव बदलायचे असल्यास आधी कोशात नोंद, मग बदल. मनाने नाव बदलू नये.

पाचवा नियम आम्ही त्या चौथीतल्या मुलासाठी केला आहे. ज्याच्या वतीने तक्रार करणारे कोणी नसते, तो निदान मोजणीत तरी सापडला पाहिजे.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी की, दर वर्षी जूनमध्ये या तपासणीसाठी कार्यालयाला दोन दिवस मोकळे द्यावेत. पालकांना विनंती अशी की, शाळेतून नोंदीची छापील चिठ्ठी येते ती सही करून परत पाठवण्याआधी जन्मदाखला आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक अंक बोट ठेवून वाचावा. हे आम्ही त्या वडिलांकडूनच शिकलो. त्यांच्या मुलीची शिष्यवृत्ती उशिरा का होईना, मिळाली. पण चार सकाळची त्यांची झोप आम्ही परत देऊ शकत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील सर्वांची नावे रेशनकार्ड, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला यांवर कोणत्या क्रमाने लिहिली आहेत, त्याचा तक्ता करा. खान्यांना आपल्या नियमाप्रमाणे नावे द्या.
२. ‘नंबर’ या नावाचा खाना का वाईट, हे तीन उदाहरणांनी सांगा.
३. ‘प्राथमिक_विद्यार्थी_जन्मस्थळ’ या नावाला देवनागरीत किती बाइट लागतील ते मोजा. ते ६३ मध्ये बसते का? बसत नसल्यास अर्थ न बिघडवता लहान करा.
४. घरातील मोठ्यांना विचारून लिहा : त्यांच्या कामाच्या ठिकाणी ताका, लॉट, पार्सल किंवा पुडी ओळखण्यासाठी कोणती खूण वापरतात, आणि खूण चुकली तर काय होते?

चौथ्या प्रश्नाची चांगली उत्तरे पुढील अंकात छापू.